बाईसाहेब आणि खग्रास ग्रहण

"मुलीपासून थोडं अलिप्त व्हायला शिका," समुपदेशक बाई म्हणाल्या, आणि बोलता बोलता त्यांनी स्वतःचे पाय उचलून खुर्चीच्या दांडीवर ठेवले. त्यांच्या टेबलाखाली मुलगी आडवी पडली होती.

मुलीचं वय सात. घरात आणि इमारतीत तिला बाईसाहेब म्हणत. हे नाव पहिल्यांदा कोणाच्या तोंडून निघालं ते कोणालाच आठवत नाही, पण एकदा पडल्यावर दुसरं कुठलं नाव तिला शोभेना. बाईसाहेबांना एखादी गोष्ट पटली नाही की त्या आडव्या होत. दुकानात, दवाखान्यात, लिफ्टच्या दारात. आडव्या झाल्या की त्यांचं वजन वाढे. वजन असं वाढत नसतं हे तिच्या बाबाला पक्कं ठाऊक होतं, कारण वजनमापं तपासण्याच्या प्रयोगशाळेत काम करण्यात त्याची उमेदीची सगळी वर्षं गेली होती. तरी तिला जमिनीवरून उचलताना त्याचा शास्त्रावरचा विश्वास दर वेळी थोडा हलायचाच.

बरं, बाईसाहेब उगीच आडव्या होत नसत. प्रत्येक वेळी मागे काहीतरी तत्त्व असे. मागच्या आठवड्यात बँकेत त्या आडव्या झाल्या, कारण काउंटरवरचं पेन दोरीने बांधलेलं होतं. पेनाने काय केलं होतं, हा त्यांचा प्रश्न होता. तो त्यांनी अशा आवाजात विचारला की आतल्या केबिनमधले मॅनेजर बाहेर आले, आणि बाबाने त्यांची माफी मागितली. मागता मागता त्याच्या मनात आलं, खरंच, पेनाने काय केलं होतं?

त्याचं हे असं व्हायचं. चारचौघांत मान खाली जायची आणि आत कुठेतरी थक्क व्हायलाही व्हायचं.

"अलिप्त म्हणजे नेमकं काय करायचं?" बायकोने समुपदेशक बाईंना विचारलं.

"ती ओरडायला लागली की तुम्हीही तिच्यासोबत आवाज चढवता. तसं करायचं नाही. शांतपणे बाजूला व्हायचं. आणि दुसरं, एक तरी गोष्ट अशी करा जी फक्त तुम्हा दोघांसाठी असेल. तिच्याशिवाय. शेवटची कधी केली होती?"

दोघं आठवू लागले. टेबलाखालून आवाज आला, "मी झाल्यापासून नाही."

परतीच्या वाटेवर बायको म्हणाली, "तुला काय करावंसं वाटतं? फक्त तुला?"

त्याला वाटलं होतं की बराच विचार करावा लागेल. पण तोंडातून लगेच निघून गेलं, "खग्रास सूर्यग्रहण."

बारा वर्षांचा असताना एका पुस्तकात त्याने ते चित्र पाहिलं होतं. सूर्य पूर्ण झाकलेला, मधोमध काळी तबकडी आणि भोवती पांढऱ्या केसांसारखं तेज. तेव्हापासून ते बघायचं त्याच्या मनात होतं. पुढच्या महिन्यात ग्रहणाचा पट्टा शहरापासून काही तासांच्या अंतरावरून जाणार होता. त्यानंतरचं इतक्या जवळून जाईल तेव्हा त्याने ऐंशी ओलांडलेली असणार होती, म्हणजे बहुधा तो स्वतःच नसणार होता.

"किती वेळ दिसतं?"

"जेमतेम दोन मिनिटं."

बायको म्हणाली, "दोन मिनिटं खूप झाली रे. मला तेवढीही कोण देतंय? मीपण येणार."

अशा रीतीने प्रकल्प ठरला. बाईसाहेबांना बायकोच्या मोठ्या बहिणीकडे ठेवायचं, सकाळी निघायचं, दोन मिनिटं बघायचं, संध्याकाळी परत. सोपं होतं. तोपर्यंत अलिप्ततेचा सराव करायचा.

खरं म्हणजे या दोघांना तो सराव लागायला नको होता. बायको रुग्णालयात एक्स-रे विभागात होती. रुग्णाला नीट उभं करायचं, श्वास रोखा म्हणायचं, काचेमागे जायचं, बटण दाबायचं. तो ज्या तराजूवर काम करायचा तो इतका नाजूक होता की जवळ उभ्या असलेल्या माणसाच्या अंगाच्या उबेनेही त्याचा आकडा डळमळायचा. वजन ठेवायचं, खोलीबाहेर निघून जायचं, तराजू स्थिर झाला की बाहेरच्या पडद्यावर आकडा वाचायचा. ऐन वेळी खोलीबाहेर जाणं हेच दोघांचं पोट भरण्याचं साधन होतं. घरी मात्र आजवर दोघांपैकी एकालाही ते जमलं नव्हतं.

संधी लवकरच आली. बाईसाहेब बेसिनमध्ये पाणी साठवून त्याकडे बघत बसल्या होत्या. आईने जाता जाता बूच काढलं.

"माझं पाणी," बाईसाहेब म्हणाल्या.

"दुसरं घे ना."

"तेच पाहिजे."

बाबाने सवयीप्रमाणे समजवायला घेतलं. ते पाणी आता नळातून मोठ्या नळात, तिथून नदीत, नदीतून समुद्रात जाणार, त्याची वाफ होणार, ढग होणार. "म्हणजे परत येणार," बाईसाहेब म्हणाल्या, "मग आण." आणि आडव्या झाल्या. मग सुरू झाला तो आवाज. तो आवाज एकदा त्याने प्रयोगशाळेतलं ध्वनिमापक घरी आणून मोजला होता. आकडा सांगण्यात अर्थ नाही. एवढंच सांगतो की त्याने उपकरण बिघडलंय समजून ते दुरुस्तीला पाठवलं आणि ते ठणठणीत असल्याचा शेरा घेऊन परत आलं.

त्याने बायकोकडे बघितलं. बायकोने त्याच्याकडे बघितलं. दोघंही शांतपणे घराबाहेर आले आणि जिन्यात उभे राहिले. अलिप्ततेचं याहून शुद्ध उदाहरण समुपदेशक बाईंनीही पाहिलं नसतं. मागे दार हलकेच मिटलं आणि कुलुपाने खट्ट असा आवाज केला.

"किल्ली?" बायकोने विचारलं.

किल्ली आत होती. मोबाईल आत होते. त्याच्या चपलाही आत होत्या.

आवाज ऐकून समोरच्या काकू आल्या. वरच्या मजल्यावरचे निवृत्त मुख्याध्यापक आले. मग इमारतीचे सचिव आले, त्यांना आवाजाविषयीचा नियम तोंडपाठ होता. जिन्यात तिघं अधिक दोघं असे पाच जण झाले आणि सल्ल्यांना तोंड फुटलं.

"मी सांगू? लक्षच देऊ नका," काकू म्हणाल्या.

"काकू, लक्ष द्यायला आम्ही आत आहोत कुठे?" बायको म्हणाली.

"आमच्या वेळी मुलांना एक नजर पुरायची," मुख्याध्यापक म्हणाले. "एक नजर."

"सर, दार बंद आहे," तो म्हणाला.

"तेच म्हणतोय मी. तुम्ही वेळेवर नजर दिली असती तर दार बंद झालं नसतं."

सचिवांचं म्हणणं असं की नियमाप्रमाणे तक्रार लेखी हवी, पण तक्रार करणारे आणि ज्यांच्याविरुद्ध ती आहे ते दोघंही बाहेर उभे असतील तर काय करायचं याबद्दल नियमात काही नाही. यावर मुख्याध्यापकांनी नियमांचा विषय काढला, काकूंनी मुख्याध्यापकांच्या सकाळच्या रेडिओचा, आणि सगळे एकदम बोलू लागले. त्या गोंधळात आतला आवाज कधी थांबला ते कोणाला कळलंच नाही. मग दाराच्या फटीतून एक शांत, थोडा त्रासलेला आवाज आला.

"बाहेर कोण ओरडतंय?"

सगळे दाराकडे वळले.

"बेटा, मी बोलतोय," मुख्याध्यापक मऊ स्वरात म्हणाले. "दार उघड. तुझं पाणी आणलंय."

"तेच?"

"हो, तेच."

"कशावरून?"

मुख्याध्यापक म्हणजे आयुष्यभर फळ्यासमोर उभं राहिलेला माणूस, पण त्यांना हा प्रश्न इतक्या नेमकेपणाने कोणी विचारला नसावा. बाबा अनवाणी पायांनी दारापाशी उभा होता, लाजेने अर्धा झालेला, आणि त्याने तो शब्द मनात पुन्हा उच्चारला. कशावरून. त्याची सगळी प्रयोगशाळा या एका शब्दावर उभी होती.

शेवटी किल्लीवाला आला. त्याने कुलपात तार घातली तेव्हा आतून दार उघडलं, कारण हे कसं करतात ते बाईसाहेबांना बघायचं होतं. त्यांनी त्याला दार पुन्हा लावून पुन्हा उघडायला लावलं. त्याने ते केलं. पाण्याचा विषय कोणी काढला नाही.

दुसरी अडचण रजेची. त्याच्या कार्यालयातला रजेचा कारकून सज्जन होता, पण त्याच्या जगात रजेची कारणं मोजकीच होती.

"कारण काय लिहू?"

"सूर्यग्रहण."

"कोणाचं?"

"सूर्याचं."

"तसं नाही हो साहेब. माझ्याकडे आजार आहे, लग्न आहे, मृत्यू आहे. यातलं त्यातल्या त्यात जवळचं कुठलं?"

आजार म्हणावा तर खोटं होतं, आणि ज्याचा धंदाच खऱ्या वजनाचा आहे त्याला ते जमेना. कारकुनाने त्याला वरिष्ठांकडे पाठवलं. वरिष्ठांनी शांतपणे सगळं ऐकून घेतलं आणि विचारलं, "पुढे ढकलता येणार नाही का? महिनाअखेर आहे."

"ग्रहण, सर?"

"नाही, म्हणजे... बरं, किती वेळ असतं ते?"

"दोन मिनिटं."

"दोन मिनिटांसाठी पूर्ण दिवस?" वरिष्ठ खुर्चीत मागे रेलले. "जेवणाच्या सुट्टीत नाही का बसत?"

त्याने त्यांना समजावून सांगितलं. सूर्य चंद्रापेक्षा जवळपास चारशे पट मोठा आहे आणि जवळपास तितकाच पट लांब आहे, म्हणून आकाशात दोघं सारख्याच आकाराचे दिसतात. ही निव्वळ जुळणी आहे, तिच्यामागे कुठला नियम नाही. चंद्र हळूहळू दूर जातोय, त्यामुळे ही जुळणीही कायमची नाही. आपण नेमके त्या काळात जन्माला आलोय. बोलता बोलता त्याचा आवाज बदलला होता. वरिष्ठांनी अर्जावर 'इतर' असं लिहून सही केली आणि विचारलं, "ग्रहण बघायचे ते चष्मे कुठे मिळतात हो?"

चष्मे त्याने दोनच घेतले होते. तिसऱ्याची गरज नव्हती, कारण बाईसाहेब मावशीकडे राहणार होत्या. ताईने, म्हणजे बायकोच्या बहिणीने, फोनवर छातीठोकपणे सांगितलं होतं, "मी दोन वाढवलीत. तुम्ही जा निवांत. तुम्ही दोघं तिला फार डोक्यावर बसवता." आदल्या संध्याकाळी बाईसाहेब आपली उशी घेऊन मावशीकडे गेल्या. निरोप घेताना रडल्या नाहीत. त्या दोघांनाच जरा चुकल्याचुकल्यासारखं वाटलं.

सकाळी ते गाडीत सामान ठेवत होते तेव्हा ताईची रिक्षा दारात येऊन थांबली. आधी उशी उतरली, मग बाईसाहेब, मग ताई. ताईचे केस विंचरलेले नव्हते.

"काय झालं ताई?"

"काही नाही गं," ताई म्हणाली. तिचा आवाज वेगळाच होता, मोठ्या सभेतून परत आलेल्या माणसासारखा. "आमच्या लिफ्टमध्ये आडवी झाली. लिफ्टला बटणं आहेत पण माणसाला विचारत नाही कुठे जायचं, म्हणून. इमारतीतली सगळी माणसं जिन्याने कामावर गेली. मी तुमच्याबद्दल आजवर जे जे बोलले ना, ते सगळं मागे घेते." आणि त्याच रिक्षात बसून ती निघून गेली.

बाबा उशी हातात धरून उभा होता. न जाणं हा एक पर्याय होता. अशा वेळी ते नेहमी तोच निवडत. बायकोने उशी त्याच्या हातातून घेतली आणि मागच्या सीटवर टाकली.

"बस," ती म्हणाली. "आज मी ऐकणार नाही. तुझंही नाही आणि हिचंही नाही."

प्रवासाचं वर्णन करण्यात हशील नाही. टेकडीवर जायचं ठरलं होतं, तिथे दुर्बिणी घेऊन बरीच मंडळी जमणार होती. टेकडीच्या अलीकडे, एका बंद पडलेल्या वीटभट्टीपाशी, बाईसाहेबांच्या मोज्याची शिवण बोटांवर आली. गाडी थांबवावी लागली. मोजा काढला, उलटा केला, सुलटा केला, पुन्हा घातला. शिवण होती तिथेच होती. बाईसाहेब मोजे भिरकावून गाडीतून उतरल्या, अनवाणी पायांनी विटांच्या एका ढिगाला टेकून बसल्या आणि म्हणाल्या, "मी आता कुठेच येणार नाही."

वर सूर्याचा कोपरा खाल्ला जायला सुरुवात झाली होती.

त्याने नकाशा बघितला. ग्रहणाच्या पट्ट्याची कड मागे, अगदी जवळच होती. ते आत होते, पण जेमतेम. टेकडीवर मिळाला असता त्याहून काळोख थोडा कमी वेळ मिळणार होता. "इथेच," तो म्हणाला, आणि बायको बॉनेटला टेकून उभी राहिली.

मग त्याने ती चूक केली जी तो कायमच करत आला होता. तो चष्मा घेऊन मुलीकडे गेला.

"बघ, चंद्र सूर्याला खातोय."

"खात नाही. आड येतोय. तूच सांगितलंस."

"बरोबर. मग बघ ना. असं पुन्हा दिसणार नाही."

"मला सूर्य माहीत आहे," बाईसाहेब म्हणाल्या, आणि विटांच्या दुसऱ्या बाजूला जाऊन सूर्याकडे पाठ करून बसल्या. बघ म्हटलं की बघायचं नाही, हे त्यांचं जुनं तत्त्व होतं. आता त्यांच्यासमोर होते फक्त आई, बाबा आणि गाडी.

त्याने नव्या मोज्यांची लालूच दाखवली, कारण सांगितलं, विनवण्या केल्या. जगातली सर्वांत मोठी गोष्ट डोक्यावर घडत होती आणि त्याची मुलगी तिच्याकडे पाठ करून बसली होती, हे त्याला सहन होईना. तिने नाही बघितलं तर आपल्या बघण्याला काय अर्थ, असंही त्याला वाटलं. सूर्याची आता फक्त कोर उरली होती आणि तो वीटभट्टीच्या धुळीत उकिडवा बसून वाद घालत होता.

"सोड," बायको म्हणाली.

"अगं पण तिला..."

"अरे, तू बारा वर्षांचा असल्यापासून थांबलायस. सोड तिला. वर बघ."

तो उठला, कारण उजेड बदलला होता. उजेड कमी झाला असं म्हणणं बरोबर नाही. तो पातळ झाला होता. हातावरच्या एकेका केसाची सावली विटेवर वेगळी दिसत होती, इतकी धारदार. वारा एकाएकी गार झाला. कुठेतरी पाखरं घाईघाईने ओरडली आणि गप्प झाली. पश्चिमेकडून काळोख एखाद्या भिंतीसारखा सरकत येताना त्याने डोळ्यांनी पाहिला. चष्म्यातली कोर बारीक झाली, तिचे मणी झाले, एकच मणी उरला, आणि तोही विझला.

चष्मा काढायला सांगायचं त्याने ठरवून ठेवलं होतं. त्याने आपला उतरवून तिच्याकडे बघितलं. बायकोने तिचा आधीच काढला होता.

काळोखात एक काळं वर्तुळ होतं, काळ्याहून काळं, आणि त्याच्या भोवती पांढरं तेज तीन दिशांना लांबवर पसरलेलं. कडेला गुलाबी ठिपके, जिवंत निखाऱ्यांसारखे. जवळच शुक्र, भरदुपारी. आणि चहूबाजूंच्या क्षितिजावर एकाच वेळी सूर्यास्ताचा नारिंगी रंग. हे सगळं असंच दिसणार हे त्याला माहीत होतं. गुलाबी ठिपके कशाचे, तापमान किती अंशांनी उतरतं, सगळं पाठ होतं. त्या माहितीचा काडीइतका उपयोग झाला नाही. पुस्तकातलं चित्र चपटं होतं. हे खोल होतं. पहिल्यांदाच त्याला दिसलं की चंद्र हा एक गोळा आहे, अधांतरी आहे, आणि आपणही. शेजारी बायकोने श्वास रोखला होता. दिवसभर लोकांना श्वास रोखायला लावणारी ती, आणि आता तिला 'सोडा' म्हणायला कोणी नव्हतं.

तो रजा विसरला, वरिष्ठ विसरला, टेकडी विसरला. आपलं नाव विसरला. आपल्याला एक मुलगी आहे हेही विसरला.

मग कडेवर हिरा चमकावा तसा एक थेंब पेटला आणि दिवस परत आला.

त्याच्या गालांवर पाणी होतं. बायकोच्याही. दोघं एकमेकांकडे बघून उगीचच हसले. आणि मग एकाच क्षणी दोघांची नजर खाली आली.

मुलगी.

ती विटांपाशीच होती. आडवी नव्हती. ताठ बसून त्यांच्याकडे बघत होती, डोळे मोठे करून, आणि तिच्या मांडीवर त्यांचे दोन्ही चष्मे होते. ते हातातून कधी गळून पडले हे दोघांनाही कळलं नव्हतं. वाऱ्याने उडू नयेत म्हणून तिने ते दोन्ही हातांनी दाबून धरले होते.

"तुम्ही कुठे गेला होतात?" तिने विचारलं.

"इथेच होतो," तो म्हणाला.

"नव्हतात. दिसत होतात, पण नव्हतात. राखाडी झाला होतात. मी हाक मारली."

तिची हाक. ध्वनिमापकाला खोटं वाटायला लावणारी ती हाक, आणि ती दोघांपैकी एकालाही ऐकू आली नव्हती.

"मग तू काय केलंस?" आईने विचारलं.

बाईसाहेबांनी विचार केला. त्या आठवून, नीट सांगत होत्या, पहिल्यांदाच काहीतरी पाहिलेल्या माणसासारख्या.

"काही नाही. तुम्ही इतके छान दिसत होतात. मग मी गप्प बसले, तुम्ही परत येईपर्यंत."

त्याला काहीतरी बोलायचं होतं. जवळ जायचं होतं, माफी मागायची होती, निदान मोजा तरी सरळ करून द्यायचा होता. तो तिच्या दिशेने एक पाऊल पुढे आला. तिने हात वर करून त्याला तिथेच थांबवलं आणि चष्मे पुढे केले. वर सूर्य अजून अर्ध्याहून जास्त झाकलेला होता.

"अजून उरलंय ना थोडं? बघा जाऊन," बाईसाहेब म्हणाल्या. "मी आहे इथे."

हुकूम मोडायची हिंमत दोघांतही नव्हती. त्यांनी निमूटपणे चष्मे चढवले आणि वर बघितलं.